डॅम्पिंग शून्य

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ९.५०

दिवाळीची सुट्टी संपली. नवी वही. ही कोणाला दाखवायची नाही, अमृतालाही नाही. बायको आहे म्हणून काय झालं.

संकल्प: ऑफिसात दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघायचं नाही. आपण सीनियर. सहा वर्षं आमच्या ऑफिसच्या ॲपमध्ये जे काही सरकतं, उघडतं आणि मिटतं ते मी, ऋषिकेशने, सरकवलेलं आहे. ज्याला बघायचं त्याने माझ्या स्क्रीनकडे बघावं.

दुपारी २.१५

कौतिकच्या स्क्रीनकडे बघितलं. पाणी प्यायला उठलो होतो, वाटेतच आहे ती.

कौतिक ऑगस्टमध्ये लागला. दापोऱ्याचा, घरी केळीच्या बागा. त्याने एक बटण केलंय. दाबलं की आत जातं, सोडलं की वर येतं, जरा जास्तच वर जातं, मग परत येऊन जागेवर बसतं. बस, एवढंच. तर चित्रं काढणारी मृणाल खुर्चीवरून उठून आली आणि म्हणाली, अय्या.

सहा वर्षांत माझ्या एकाही बटणाला कोणी अय्या म्हटलेलं नाही. मला गरजही नाही.

४ नोव्हेंबर

त्याला सहज विचारलं, किती सेकंदांचं आहे रे हे? माझं प्रत्येक ॲनिमेशन शून्य पूर्णांक तीन सेकंदांचं असतं. सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी हळू. ही माझी शिस्त आहे.

तर म्हणतो कसा, दादा, याले टाइम नाही देत. स्प्रिंग हाये ही. तिले थांबायचं तव्हा थांबते.

थांबायचं तेव्हा थांबते! उद्या हा ऑफिसातही यायचं तेव्हा येईल. आमच्या बॉस, तेजस्विनी मॅडम, यांच्या कानावर घातलं. मॅडम म्हणाल्या, अरे वा, दिखाओ. तो दाखवायला गेला. बाहेर वीस मिनिटं हसण्याचा आवाज येत होता.

५ नोव्हेंबर. सकाळी ११.३०

मोठी बातमी. तेजस्विनी मॅडमनी मीटिंग घेतली. जळगावची एक शिक्षणसंस्था पहिलीच्या मुलांसाठी अक्षरओळखीचा गेम करून घेणार आहे. नाव 'अक्षरांचा घड'. केळीचा घड लटकतोय, प्रत्येक केळ्यावर एक अक्षर, बरोबर केळं दाबलं की ते तुटून टोपलीत पडणार. शुक्रवारी, २१ तारखेला, संस्थेचे अध्यक्ष स्वतः बघायला येणार. त्यानंतर मॅडम आमच्यातून एकाला ॲनिमेशनचा लीड, म्हणजे प्रमुख, करणार.

'एकाला' म्हणताना मॅडमनी माझ्याकडे बघितलं. नंतर कौतिककडेही बघितलं, पण तो खिडकीजवळ बसतो, उजेडाकडे मान जातेच.

कौतिक. नावातच कौतुक, मग करतात लोक. आमच्या आईवडिलांना हे सुचलं नाही.

७ नोव्हेंबर. सायंकाळी ७

आज शास्त्रीय परीक्षा घेतली. अमृता शाळेत पहिलीलाच शिकवते, तेव्हा तिच्याइतका योग्य परीक्षक नाही. मोबाइलवर दोन स्क्रीन दिले, एक माझा, एक त्याचा. कोणता कोणाचा ते सांगितलं नाही.

माझं केळं एकदा दाबलं. म्हणाली, हं, पडलं. मग त्याचं दाबलं. केळं थरथरलं, सुटलं, टोपलीत आपटून जरासं उसळलं आणि बसलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. कणकेच्या हाताने दाबलं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, चौथी झाली, पाचवी मी जाऊन बंद केली. म्हणाली, अहो, हे किती छान केलंय तुम्ही.

मी हो म्हणालो. वाद वाढवायला नको.

जेवलो नाही नीट. वरण करपलं होतं हे एक कारण.

८ नोव्हेंबर

स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी कौतिकवर जळत नाही. माझ्या पोटात जे होतं ते करपलेल्या वरणाने.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०

निर्णय घेतला. स्प्रिंग शिकायची. पुस्तकातून नाही, कौतिककडून तर नाहीच. प्रत्यक्षातून. स्कूटरला स्प्रिंग असते, म्हणून स्कूटर घेऊन लोटूच्या गॅरेजवर गेलो. तशीही ती हल्ली फार उसळते. खड्डा एक, उड्या सात.

लोटूने मागची सीट दाबून सोडली. स्कूटर वरखाली, वरखाली. म्हणाला, भाऊ, स्प्रिंग तं चांगली हाये, पण शॉकपमधलं तेल गेलं. आता तिले धरनारं कोनीच नाही राह्यलं, मंग ते काय थांबते? उड्याच मारू राह्यली. तेल भरलं की एकदा दबल, एकदा उठल, गप बसल.

मी म्हटलं, तेलाचं सोड, मला स्प्रिंगबद्दल सांग. म्हणाला, तेच तं सांगू राह्यलो.

साधा माणूस. मुद्द्यावर येत नाही. सकाळ वाया गेली.

१० नोव्हेंबर

कौतिक चहाच्या वेळी आपणहून सांगायला बसला. शिष्टाचार म्हणून ऐकलं.

त्याच्या घरी घड तोलायला ताणकाटा आहे, हुकाचा. घड लटकवला की काटा खाली जातो, वर येतो, डुलत डुलत एका आकड्यावर थांबतो. लहानपणी तो त्या काट्याकडेच बघत बसायचा. त्याचे वडील काटा थांबायच्या आतच आकडा सांगायचे. हा म्हणतो, मले तव्हाच समजलं होतं का हालनारी चीज कशी थांबते, तेच बघासारखं राह्यते.

मग तीन आकडे सांगितले. स्टिफनेस म्हणजे स्प्रिंग किती कडक. मास म्हणजे वस्तू किती जड. तिसरा डॅम्पिंग. तिसरा सांगताना मॅडमनी त्याला आत बोलावलं.

मला काही अडलं नाही. डॅम्प म्हणजे ओल. मागच्या पावसाळ्यात आमच्या भिंतीला डॅम्प आला होता, सगळा रंग फुगला. डॅम्पिंग जितकं कमी तितकं चांगलं, हे पहिलीच्या मुलालाही कळेल.

११ नोव्हेंबर

मॅडमनी कौतिकला 'बेटा' म्हटलं. मला सहा वर्षं 'ऋषिकेशजी' म्हणतात. आदर आहे. तरी दिवसभर कानात बेटा बेटा वाजत होतं.

१३ नोव्हेंबर

आज कौतिक सुट्टीवर. बागेत माल निघायचा होता. ऑफिसात किती शांत वाटलं. आज भरपूर काम करायचं ठरवलं.

त्याचं केळं एकूण छप्पन्न वेळा दाबलं. तपासणी म्हणून. एक गोष्ट ध्यानात आली. खाली पडणारं केळं मध्येच बोटाने पकडलं तर त्याचं केळं तिथूनच, त्याच वेगात वळतं. माझं केळं आधी जागेवर उडी मारतं आणि मग पहिल्यापासून निघतं. हे कोणी बघितलेलं नाही. मुलं मध्येच कशाला पकडतील?

१४ नोव्हेंबर

अमृताच्या वर्गात बालदिनाला मुलांनी गेम खेळून बघितला. अमृता सांगत होती, मुलं केळं मध्येच पकडतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १.२०

सगळे जेवायला गेले. शेवटचा गेम एकत्र जोडायचं काम माझ्याकडे, सीनियर म्हणून. तेव्हा कौतिकची फाईल उघडणं हे कर्तव्यच होतं. चोरी वगैरे शब्द इथे लागू होत नाहीत.

स्टिफनेस १८०. मास १. डॅम्पिंग १२. एवढ्यावर हा मिरवतो!

माझा स्टिफनेस ९००. पाचपट. डॅम्पिंग १२ होतं, म्हणजे बऱ्यापैकी ओल. शून्य केलं. त्या आकड्याच्या वर त्याने एक ओळ लिहून ठेवली होती, याले शून्य नका करू कोनी, मंग थांबनारच नाही. सीनियरला सूचना! ओळ पुसून टाकली.

फाईलला माझं नाव दिलं. आता हे केळं माझं.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सायंकाळी ६.३०

घरच्या कॉम्प्युटरवर चालवून बघितलं. अप्रतिम. घडातलं प्रत्येक केळं सळसळतंय. थांबतच नाही. कौतिकची केळी दोन डुलक्यांत दमतात, माझी दमत नाहीत. जिवंत आहेत.

अमृताला दाखवलं. दोन मिनिटं बघून तिने डोळ्यांवर हात ठेवला. म्हणाली, अहो, बघूनच गरगरतंय, ते मागचं कुठे गेलं? मी म्हटलं, हेच सुधारलेलं. ती म्हणाली, मग बिघडलेलं द्या.

तिचं डोकं दुखत असणार. दिवसभर मुलांत असते.

२० नोव्हेंबर. सायंकाळी ५

कौतिक विचारायला आला, दादा, एकदा जुन्या फोनवर चालवून पाहू का? शाळेत असेच हळू चालनारे फोन राह्यतीन. मी म्हटलं, फायनल झालंय, आता कोणी हात लावायचा नाही. तो बरं म्हणून गेला. तोंड पडलं नाही त्याचं. एकदा तरी पडायला पाहिजे होतं.

उद्या लीड. मृणालला टेबलावरच्या पाटीचं डिझाइन विचारून ठेवलं. कोणासाठी ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, नुसतं हं म्हणाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३.४०

घडलेलं घडलं तसं लिहितो.

संस्थेचे अध्यक्ष शालिग्राम सर, सत्तरीचे, पांढरा सदरा, निवृत्त हेडमास्तर. आल्या आल्या त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. म्हणाले, यात टाका. मास्तरांच्या फोनात चाललं तर पोरांच्या फोनात चालेल. फोन जुना, हळू चालणारा. स्क्रीनला तडा.

गेम टाकला. घड आला. केळी सळसळली. सर म्हणाले, वा, वारा सुटलाय वाटतं. मी म्हटलं, माझीच कल्पना, सर.

मग सळसळ वाढायला लागली. घरी वाढली नव्हती. इथे प्रत्येक डुलकी आधीच्या डुलकीपेक्षा मोठी. 'क' स्क्रीनच्या कडेला आपटून आला. सर 'म' दाबायला बोट नेत, तोवर 'म' दुसरीकडे. सत्तरीचा माणूस, एक बोट पुढे करून 'म'च्या मागे स्क्रीनभर फिरतोय. मॅडमच्या कपाळावर घाम. शेवटी 'ळ' वरच्या कोपऱ्यातून बाहेर गेला तो आलाच नाही. मागोमाग सगळी बाराखडी गेली. नुसता दांडा उरला.

सर म्हणाले, पोरांना अक्षरं शिकवायची आहेत, पळवायची नाहीत.

कौतिक उठला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, फाईल उघडली. वर माझं नाव. खाली शून्य. त्याने लिहिलेली ओळ गायब. हे सगळं त्याने बघितलं, मी बघितलं त्याला बघताना. मग तो वळून म्हणाला, सॉरी सर, सॉरी मॅडम, काल मी टेस्ट करत होतो, तव्हा माझ्या हातून शून्य राहून गेलं.

त्याने १२ टाकलं. १८० टाकलं. अर्ध्या मिनिटाचंही काम नव्हतं. फोनवर पुन्हा घड आला, एकदा डुलला आणि स्थिर राहिला. सरांनी 'म' दाबला. केळं सुटलं, टोपलीत पडलं, उसळलं, बसलं. सरांनी ते अकरा वेळा केलं. मग चष्मा काढून पुसला आणि गेम पक्का केला.

मी बोलणार होतो. पण तोवर सर्वांसाठी कचोरी आली.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२

मी लीड.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. म्हणाल्या, लड़के में हुनर बहुत है, पण फायनल फाईलवर टेस्टिंग करतो, असा बेफिकीर माणूस मी लीड कसा करू? इस कुर्सी पर भरोसे का आदमी चाहिए. मग म्हणाल्या, तुम्ही सहा वर्षांत अशी चूक केली नाहीत.

यावर एक वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ते म्हटलं असतं तर मॅडमच्या निर्णयाचा अवमान झाला असता.

थोडक्यात, न्याय झाला. उशिरा का होईना.

२३ नोव्हेंबर, रविवार

अमृताला पेढे दिले. पेढा हातात धरून तिने विचारलं, काल मृणाल भेटली होती, ती म्हणाली केळी उधळली म्हणून. कोणाच्या हातून झालं? मी म्हटलं, कौतिकच्या.

अमृता म्हणाली, बुधवारी आपल्याकडे कौतिक आला होता का?

मी म्हटलं, नाही, का?

तिने पेढा परत डब्यात ठेवला. गोड कमी करायचं म्हणते आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११

कौतिकला चहाला बाहेर नेलं. आता तो माझ्या हाताखालचा, तेव्हा विचारपूस करणं माझं कामच. विचारलं, का केलंस रे तसं? मनात उत्तर तयार होतं. उपकार करून मला कायमचं दाबून ठेवायचं, हा त्याचा डाव. तसं म्हणाला असता तर मी त्याला ओळखलं असतं, दोन हात केले असते, मोकळा झालो असतो.

तो म्हणाला, दादा, तुमच्या मनात ते लीड किती दिवसांपासून हाये, ते सगळ्यांले माहीत हाये. मृणालताईले, मॅडमले, खालच्या दुकानवाल्यालेबी. तुम्ही रोज माझ्या स्क्रीनकडे पाहत होते तं मले लई वाईट वाटे. मले कशाले पाहिजे लीड? मी तं अजून शिकूच राह्यलो.

टोमणा नव्हता. शोधला मी, आवाजात, डोळ्यांत, कुठेच नव्हता. बिस्किट चहात बुडवून खात होता. एवढा राग मला त्याचा तीन महिन्यांत आला नाही. त्याला माझी दया आली आणि ती त्याने कोणाला न सांगता उरकली. मला तसं कधी जमलं नसतं, आणि हे मला कळतं, हेच सहन होत नाही.

परत येताना म्हणाला, दादा, ते डॅम्पिंग म्हणजे काय, समजून सांगू का? मी म्हटलं, मला माहीत आहे.

२५ नोव्हेंबर

टेबलावर पाटी लागली. ऋषिकेश, ॲनिमेशन लीड. सुंदर अक्षर. दिवसभर तिच्याकडे कोणी बघितलं नाही. सगळे नेहमीसारखे वागतात, जरा जास्तच नेहमीसारखे. मी मॅडमच्या केबिनमधून बाहेर आलो की मृणाल बोलताना थांबते आणि मग एकदम माझ्या स्कूटरची चौकशी करते.

२६ नोव्हेंबर. दुपारी ४

लीड म्हणून पहिलं अधिकृत काम. मॅडमनी टीमचे वार्षिक फॉर्म भरायला दिले. कौतिकचा फॉर्म घेऊन दोन तास बसलो. माझ्या हातून अन्याय होता कामा नये, हा संकल्प.

कामाचं ज्ञान, पाचपैकी पाच. द्यावेच लागले. वेळेवर काम, पाच. सहकाऱ्यांशी वागणूक, पाच. इथे पेन जरा अडकलं, पण दिले.

शेवटचा रकाना, प्रामाणिकपणा. इथे चार दिले. पाचही दिले असते, पण शुक्रवारी तो सर्वांसमोर खोटं बोलला, आणि लीड म्हणून मला ते माहीत आहे.